खुर्च्या नव्हे, दिवस मोजा

बडोद्यात पीएच.डी.ला नाव नोंदवलं तेव्हा विषय सरळ वाटला होता: सरकारी कंपन्यांच्या संचालक मंडळाची रचना आणि कामगिरी. वार्षिक अहवाल काढायचे, स्वतंत्र संचालक (कंपनीशी किंवा तिच्या मालकांशी हितसंबंध नसलेले) मोजायचे, नफ्याशी ताडून बघायचं. सहा महिने हेच केलं आणि त्यातलं बहुतेक टाकून द्यावं लागलं.

संचालकांची वर्षअखेरची यादी फसवते. अध्यक्ष कार्यकारी असेल तर निम्मे संचालक स्वतंत्र हवेत, असा शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचा नियम. पण सरकारी कंपनीत त्यांना नेमतं सरकार. मुदत संपली की जागा महिनोन्‌महिने रिकामी राहते, एक्स्चेंज, म्हणजे शेअर बाजार, दिवसाला ५,००० रुपये दंड लावतं आणि कंपनी कळवते की नेमणूक आमच्या हातात नाही. मार्चमध्ये दोन जण आले, तर आधीची अकरा महिन्यांची पोकळी त्या यादीत दिसतच नाही. म्हणून एक्स्चेंजला दर तिमाहीला जाणारा कॉर्पोरेट गव्हर्नन्स अहवाल उघडा. त्यात प्रत्येकाच्या नेमणुकीची आणि मुदत संपल्याची तारीख असते. त्यावरून कुठली जागा किती दिवस भरलेली होती ते काढा. काम कंटाळवाणं आहे, पण सगळा अभ्यास यावरच उभा राहतो.

नफ्याशी ताडणं का चुकतं, हे कोडं काकांनी सोडवलं. ते इंडियन ऑइलच्या इथल्या कोयली रिफायनरीतून निवृत्त झालेले. दांडिया बाजारच्या घरी माझा तक्ता बघून म्हणाले, "अगं, पेट्रोलचा भाव काय बोर्ड ठरवतं?" उपकंपन्या वगळता इंडियन ऑइलला एप्रिल-जून २०२२ मध्ये सुमारे १,९९२ कोटींचा तोटा झाला, कारण कच्चं तेल महागलं तरी पंपावरचे भाव त्या प्रमाणात वाढले नाहीत. २०२३-२४ मध्ये त्याच कंपनीला ३९,६१९ कोटींचा नफा! एवढी उलथापालथ मंडळाच्या रचनेतून समजावणं चूकच. तेव्हापासून मी एका कंपनीची दोन वर्षं शेजारी ठेवत नाही. त्याच वर्षाच्या बीपीसीएल आणि एचपीसीएल या दुसऱ्या सरकारी तेल कंपन्या ठेवते. शिवाय कॅगचे, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचे, हिशेबांवरचे शेरे वाचते. मंडळाची देखरेख कशी आहे, ते नफ्यापेक्षा तिथे जास्त कळतं.

आणखी एक सांगते. जागा का रिकामी राहिली, हे विचारल्याशिवाय रिग्रेशनला (कशाचा कशावर किती परिणाम होतो ते मोजणारं गणित) हात लावू नका. कंपनी अडचणीत आहे म्हणून नेमणुका रखडल्या असतील, तर तुम्ही परिणामालाच कारण समजाल.

सुरुवात घराजवळून करा. खतं बनवणारी जीएसएफसी आणि रसायनं बनवणारी गुजरात अल्कलीज बडोद्यातल्याच, दोन्ही शेअर बाजारात नोंदलेल्या. तिथे कुठला आयएएस अधिकारी एकाच वेळी किती मंडळांवर आहे ते आधी लिहून काढा, मग त्याच्यासमोर बैठकांच्या हजेरीचा रकाना भरा.