रॉटरडॅमला जाताय? मग या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक आधी सांगते. अ‍ॅमस्टरडॅमला मुक्काम ठेवून रॉटरडॅमला अर्धा दिवस द्यायचा, क्यूब हाऊस, मार्केट हॉल, एरास्मस पुलासमोर फोटो आणि चारची ट्रेन पकडून परत, आणि मग सगळ्यांना सांगायचं की तिथे नुसत्या काचेच्या बिल्डिंगा आहेत, जुनं असं काही नाहीच. अहो, जुनं नाही कारण १४ मे १९४० ला जर्मन विमानांनी या शहराचा जवळजवळ सगळा मध्यभाग जाळून टाकला. मध्ययुगातल्या इमारतींपैकी लॉरेन्स चर्च तेवढं पडझड होऊन उरलं, ते नंतर दुरुस्त केलं. म्हणून माझं ऐका, सुरुवात तिथूनच करा आणि मग शिल्पकार झाडकिनचा १९५३ चा पुतळा बघायला चालत जा. दोन्ही हात वर फेकलेला माणूस आहे आणि त्याच्या अंगाला मधोमध भोक आहे. आईला मी आधी काहीच सांगितलं नव्हतं, तिने बघितलं आणि विचारलं, "अगं, याचं पोट कुठे गेलं?" शहराचं जे झालं तेच त्याचं झालंय. हे बघितल्यावर १९८४ ची ती तिरपी पिवळी घरं, म्हणजे क्यूब हाऊस, का बांधली असतील ते आपोआप कळायला लागतं. आणि जुनं बघायचंच असेल तर मेट्रोने डेल्फ्सहाफेनला जा, तो भाग वाचला होता.

क्यूब हाऊसबद्दल एक, त्यातल्या बहुतेक घरांत लोक राहतात, त्यामुळे खिडक्यांतून डोकावू नका. एक घर तिकीट काढून आतून बघता येतं, पण जिना फार उभा आहे, गुडघे दुखणाऱ्यांना बाहेरूनच दाखवा.

आता प्रवास, कारण पैसे वाया जातात ते इथेच. मेट्रो, ट्राम, ट्रेन सगळीकडे आपलं कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड टॅप करून जाता येतं, पण चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा टॅप करायचं असतं. उतरताना विसरलात की जास्तीचे पैसे कापले जातात. दुसरं, एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत, नवरा-बायको असाल तर दोन कार्डं हवीत. तिसरी चूक मी स्वतः केली, आत जाताना फोनने टॅप केलं आणि बाहेर पडताना प्लास्टिकचं कार्ड लावलं. खातं तेच असलं तरी मशीनला ती दोन वेगळी माणसं वाटतात! आणि ट्रेनमधून उतरून मेट्रोत जाताना एकदा ट्रेनचं टॅप-आउट, मग मेट्रोचं टॅप-इन, हे लक्षात ठेवा. टुरिस्ट डे तिकीट घेतलंत तर मेट्रो, ट्राम, बस आणि वॉटरबस (नदीतली प्रवासी बोट) चालते पण ट्रेन चालत नाही, म्हणजे शेजारच्या डेल्फ्ट गावाला ट्रेनने जायचं तर त्याचे पैसे वेगळे. क्यूब हाऊस आणि मार्केट हॉलला जायचं असेल तर ब्लाक स्टेशनला उतरा, अगदी दारात.

बंदराचं सांगायचं तर बऱ्याच जणांना वाटतं की एरास्मस पुलाजवळून सव्वा तासाची बोट घेतली की युरोपातलं सगळ्यात मोठं बंदर बघून झालं. नाही होत. ते बंदर शहरापासून समुद्रापर्यंत जवळजवळ ४० किलोमीटर पसरलंय, बोट फक्त शहराजवळची गोदी दाखवते, राक्षसी कंटेनर जहाजं पार तिकडे समुद्राकाठच्या मासव्लाक्टेला लागतात. बोट जरूर घ्या, छान आहे, पण एक दिवस हुक ऑफ हॉलंडसाठी पण ठेवा. मेट्रो थेट समुद्रकिनाऱ्यापर्यंत जाते, आधीच्या स्टेशनला उतरू नका, शेवटपर्यंत बसून राहा. तिथे धक्क्याच्या बाजूने चालत गेलात की समुद्रातून आत शिरणारी जहाजं समोरून जाताना दिसतात, एक पैसा लागत नाही. मी डबा घेऊन गेले होते, तीन तास कसे गेले कळलं नाही.

किंडरडाइकला वॉटरबसने जा, तो प्रवासच अर्धी मजा आहे. १९ पवनचक्क्या, बहुतेक १७४० च्या सुमाराच्या, त्या दळण दळायला नव्हत्या तर सखल जमिनीतलं पाणी उपसून बाहेर टाकायला होत्या, हे माहीत असलं की बघायला वेगळंच वाटतं. चूक काय होते, लोक गेटवर तिकीट बघून मागे फिरतात. तिकीट चक्कीच्या आत जायला लागतं, कालव्याकाठचा रस्ता सगळ्यांना मोकळा आहे. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ मात्र आधीच बघून ठेवा, हिवाळ्यात फेऱ्या कमी असतात.

बाकी पटापट. सोमवारी बरीच म्युझियम बंद असतात. पुलावर छत्री उघडू नका, उलटी होते, जॅकेटला टोपी हवी. लाल रंगाचा रस्ता सायकलचा आहे, त्यावर उभं राहून फोटो काढू नका, सायकलवाले थांबत नाहीत. नुसती कॅश घेऊन फिरू नका, कितीतरी दुकानं फक्त कार्ड घेतात.

आणि जेवण. मार्केट हॉलमध्ये छताकडे बघून घ्या, फिरून घ्या, पण पोटभर जेवायला वेस्ट-क्राउसकाडे या रस्त्यावर जा. १८७३ पासून आपल्याकडून, मुख्यतः बिहार-उत्तर प्रदेशातून, सुरीनामला (दक्षिण अमेरिकेतली तेव्हाची डच वसाहत) मजूर नेले होते, त्यांचे वंशज पुढे नेदरलँड्सला आले आणि त्यांची रोटी तिथे मिळते. सोबत बटाट्याचा रस्सा, चवळीच्या शेंगांची भाजी, चिकन आणि अंडं. शाकाहारी असाल तर ऑर्डर देतानाच सांगा, नाहीतर अंडं ताटात येतंच. आणि चमचा मागू नका, ती हातानेच खायची असते.