पासवर्ड मॅनेजर बदलताय? मग या चुका टाळा

माझ्या ताईचे पासवर्ड एका पासवर्ड मॅनेजरमधून, म्हणजे सगळे पासवर्ड एकाच कुलपात सांभाळणाऱ्या अ‍ॅपमधून, दुसऱ्यात हलवायला बसलो, तेव्हा काम अर्ध्या तासाचं वाटलं होतं. जुन्यातून एक्सपोर्ट, नव्यात इम्पोर्ट. मधल्या मध्ये एक्सपोर्टमधून मिळालेली सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या साध्या मजकुराची) फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडली, दहा-बारा जुनाट नोंदी उडवल्या, सेव्ह केली. ‘३१२ नोंदी यशस्वीरीत्या आल्या’ असा संदेश आला आणि त्याच संध्याकाळी आम्ही जुनं खातं बंद करून टाकलं.

तीन आठवड्यांनी ताईचा फोन. "अरे, कार्डाचा पिन चालत नाहीये. इथे तीनच आकडे दिसतायत."

पिनची सुरुवात शून्याने होती. स्प्रेडशीटला तो पिन आहे हे कळायचं कारणच नव्हतं. तिने त्याला संख्या धरलं आणि पुढचं शून्य गाळलं. मग मी बाकीच्या नोंदी तपासल्या. एका सोळा आकडी ग्राहक क्रमांकाचा शेवटचा आकडा बदलून शून्य झाला होता, कारण स्प्रेडशीट संख्येचे पंधराच आकडे नेमके धरून ठेवते. बरोबर-चिन्हाने सुरू होणाऱ्या एका पासवर्डचं तर सूत्र समजून काहीतरी भलतंच झालेलं. पडताळायला जुनं खातं उरलं नव्हतं. पुढचे दोन दिवस ताई एकेका ठिकाणी ‘पासवर्ड विसरलात?’ दाबत बसली होती.

त्यानंतर घरातल्या आणि मित्रांच्या बऱ्याच जणांची अशी बदली करून दिली. गाडी अडते ती ठरावीक जागांवरच, आणि त्यातली पहिली जागा अ‍ॅप निवडतानाच येते.

आत जाताना बाहेरचा दरवाजा न पाहणं

अ‍ॅप निवडताना आपण किंमत, दिसणं, फोनवर चालतं का, एवढंच पाहतो. यातून उद्या बाहेर पडायचं झालं तर सगळं घेऊन निघता येईल का, हे क्वचितच कुणी विचारतं. ही वेळ येते. फायरफॉक्सचं लॉकवाइज अ‍ॅप २०२१ च्या अखेरीस बंद झालं. मायक्रोसॉफ्ट ऑथेंटिकेटरने २०२५ च्या जुलैत आधी ऑटोफिल (पासवर्ड आपोआप भरणं) थांबवलं आणि ऑगस्टपासून त्यात साठवलेले पासवर्ड दिसणंही बंद झालं. ड्रॉपबॉक्सची पासवर्ड सेवा त्याच वर्षी ऑक्टोबरात संपली. या तिन्ही कंपन्या लहान नाहीत.

म्हणून माझा आग्रह असा: नव्या अ‍ॅपमध्ये आधी तीन-चार खोट्या नोंदी करा. एक साधा पासवर्ड, एक कार्ड, एक मोठी टीप आणि एखादी जोडलेली फाइल. लगेच एक्सपोर्ट करून त्यातलं काय बाहेर आलं ते पाहा. उदाहरणार्थ, बिटवॉर्डन या मॅनेजरच्या सीएसव्हीत कार्डं आणि ओळखीचे तपशील येत नाहीत. त्यासाठी जेसन हा फाइलचा दुसरा प्रकार निवडावा लागतो. त्यातही एन्क्रिप्टेड, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या, एक्सपोर्टचे दोन प्रकार आहेत. एक फक्त त्याच खात्यात परत उघडतो, दुसरा तुम्ही दिलेल्या पासवर्डने कुठल्याही खात्यात. पहिल्या प्रकारची फाइल जपून ठेवली आणि खातंच बंद केलं, तर ती फाइल कायमची कुलूपबंद.

चोरीची बातमी आली म्हणून नुसतं अ‍ॅप बदलणं

ही चूक मला सगळ्यात गंभीर वाटते, कारण ती करणाऱ्याला आपण सुरक्षित झालो असं मनापासून वाटत असतं.

२०२२ मध्ये लास्टपास या मॅनेजरमध्ये चोरी झाली आणि वर्ष संपता संपता कंपनीने कबूल केलं की ग्राहकांच्या व्हॉल्टच्या (पासवर्डांच्या तिजोरीच्या) बॅकअप प्रती चोरांच्या हाती गेल्या आहेत. पासवर्ड एन्क्रिप्टेड होते, पण वेबसाइटचे पत्ते उघडे होते. म्हणजे कुणाचं खातं कुठे कुठे आहे, हे चोराला कुलूप न तोडताच कळलं. आता कुलपाचा जोर मास्टर पासवर्डवर, म्हणजे व्हॉल्ट उघडणाऱ्या मुख्य पासवर्डवर, आणि त्यापासून किल्ली बनवताना तो गणिती प्रक्रियेतून किती वेळा घुसळला जातो यावर ठरतो. ही घुसळण जितकी जास्त, तितका प्रत्येक अंदाज चोराला महाग पडतो. लास्टपासने २०१८ मध्ये हा आकडा १,००,१०० केला होता, पण अनेक जुनी खाती ५,००० वर किंवा त्याहूनही खालीच राहिली होती. आज याच पद्धतीसाठी ओवॅस्प ही सुरक्षा क्षेत्रातली संस्था ६,००,००० ची शिफारस करते.

बातमी वाचून कितीतरी लोकांनी मास्टर पासवर्ड बदलला, सगळं दुसऱ्या अ‍ॅपमध्ये नेलं आणि निःश्वास सोडला. पण चोराकडची प्रत जुन्याच मास्टर पासवर्डने बंद आहे. तिच्यावर तो वर्षानुवर्षं अंदाज चालवू शकतो आणि उघडली तर आतले पासवर्ड अजूनही चालू आहेत, कारण तुम्ही तेच पासवर्ड उचलून नव्या घरात नेलेत. व्हॉल्ट चोरीला गेला असेल, तर आतला प्रत्येक महत्त्वाचा पासवर्ड त्या त्या वेबसाइटवर जाऊन बदलावाच लागतो. सुरुवात ईमेलपासून करा, कारण बाकी सगळ्या ठिकाणच्या ‘पासवर्ड विसरलात’च्या लिंक तिथेच येतात. मग पैशांची खाती, मग ज्यांच्यात तुमची कागदपत्रं आहेत ती. टिपांमध्ये ठेवलेले रिकव्हरी कोडही (एरवीची वाट बंद झाली तर खात्यात शिरायचे राखीव कोड) नव्याने काढा; ते लोक हमखास विसरतात.

नवा मास्टर पासवर्ड घाईत ठरवणं

फासे टाकून शब्द निवडायची डाइसवेअर पद्धत १९९५ पासून आहे आणि अजूनही तिच्याइतकी सोपी दुसरी मला सापडलेली नाही. पाच फाशांना ७,७७६ शक्यता, म्हणून यादीत तितकेच शब्द. प्रत्येक शब्दासाठी पाच फासे, असे सहा शब्द निवडायचे. शब्द फाशांनीच निवडायचे, स्वतःच्या मनाने नाही. आपण ‘सहज सुचलेले’ म्हणतो ते शब्द दुसऱ्यालाही सहज सुचतात.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. मास्टर पासवर्ड देवनागरीत ठेवायचा मोह मलाही झाला होता. ठेवू नका. ‘दऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला तो अर्धा र एका कीबोर्डवर एका तऱ्हेने टाइप होतो, दुसऱ्यावर वेगळ्या. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण आत साठवली जाणारी चिन्हं वेगळी असतात आणि पासवर्डच्या हिशेबात ते दोन वेगळे शब्द ठरतात. फोनवर उघडलेला व्हॉल्ट लॅपटॉपवर उघडणार नाही आणि कारण कळता कळणार नाही. शब्द मराठी असू देत, लिपी रोमन ठेवा.

पासवर्ड ठरला की कागदावर लिहा. पहिले पंधरा दिवस फिंगरप्रिंटने न उघडता रोज एकदा टाइप करा. बहुतेक मॅनेजरच्या कंपनीला तुमचा मास्टर पासवर्ड माहीतच नसतो, त्यामुळे विसरलात तर ग्राहक सेवेला कितीही विनवण्या केल्या तरी त्यांच्या हातात काही नसतं. वनपासवर्ड या मॅनेजरमध्ये मास्टर पासवर्डच्या जोडीला एक सिक्रेट की असते. नव्या उपकरणावर आत शिरायला दोन्ही लागतात, त्यामुळे कागदावर तीही हवी.

एक्सपोर्टची फाइल डाउनलोड्समध्ये पडून राहणं

सीएसव्ही म्हणजे तुमचं सगळं आयुष्य साध्या मजकुरात. नोटपॅडमध्ये उघडून बघा एकदा: पत्ता, स्वल्पविराम, नाव, स्वल्पविराम, पासवर्ड. कुलूप नाही, काही नाही. आणि अनेकांच्या संगणकावर ती ज्या फोल्डरमध्ये उतरते, तो फोल्डर आपोआप क्लाउडवर सिंक होत असतो. तुम्ही ती पाच मिनिटांत डिलीट केलीत तरी तिची एक प्रत क्लाउडच्या कचरापेटीत पुढे कितीतरी दिवस राहू शकते.

त्यामुळे आधी सिंक थांबवा. एक्सपोर्ट संगणकावरच करा, फोनवर नाही, आणि तोही स्वतःच्याच संगणकावर, ज्याची डिस्क एन्क्रिप्टेड आहे. फाइल ईमेलने किंवा मेसेजिंग अ‍ॅपवर स्वतःलाच पाठवायची सवय अनेकांना आहे. इथे तर अजिबात नको. इम्पोर्ट झाला की फाइल काढा, कचरापेटी रिकामी करा, क्लाउडची कचरापेटीही पाहा. आणि ताईच्या पिनची आठवण ठेवून सांगतो, ती स्प्रेडशीटमध्ये उघडून सेव्ह करू नका. नोंदी कमी करायच्या असतील तर निर्यातीआधी जुन्या मॅनेजरमध्येच करा.

स्प्रेडशीट आणखी एक खोडी करते. टिपा मराठीत असतील, तर चुकीच्या एन्कोडिंगने उघडलेली फाइल सेव्ह केल्यावर सगळ्या देवनागरीचा चिखल होतो. इम्पोर्टनंतर एखादी मराठी टीप उघडून वाचलीत की लगेच कळेल.

पासकी आणि सहा आकडी कोड मागे राहणं

पासवर्ड सगळे आले म्हणजे सगळं आलं असं नव्हे. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी लॉगिन करून देणाऱ्या डिजिटल किल्ल्या, सीएसव्हीत बसतच नाहीत. एका मॅनेजरमधून दुसऱ्यात त्या सुरक्षितपणे न्यायची पद्धत फिडो अलायन्स या कंपन्यांच्या संघटनेने आखली आहे आणि अ‍ॅपलने २०२५ च्या आयओएस २६ मध्ये ती आणली, पण देणारं आणि घेणारं अशा दोन्ही अ‍ॅपना ती यायला हवी. येत नसेल तर सरळ मार्ग एकच: प्रत्येक साइटवर जुन्या पासकीने शिरा, नव्या मॅनेजरमध्ये नवी पासकी बनवा, तिने एकदा लॉगिन करून पाहा आणि मगच साइटच्या सेटिंगमधून जुनी काढा. हा क्रम उलटा केलात तर दाराबाहेर राहाल.

पासवर्डनंतर मागितल्या जाणाऱ्या, दर तीस सेकंदांनी बदलणाऱ्या सहा आकडी कोडचंही तसंच. तो कोड ज्या गुप्त बीजापासून तयार होतो ते बीज एक्सपोर्टमध्ये आलं का, हे पाहायला दोन्ही अ‍ॅप शेजारी-शेजारी उघडा. एकाच वेळी दोघांत तोच आकडा दिसत असेल तर काम झालं. आकडे वेगळे असतील तर त्या साइटवर ही दुसरी पडताळणी (टू-फॅक्टर) नव्याने लावावी लागेल.

याच ठिकाणी एक गाठ बसते. मॅनेजर उघडायला लागणारा कोड त्याच मॅनेजरच्या आत, आणि ईमेलचा पासवर्डही आतच. फोन हरवला की किल्ली कपाटात आणि कपाट बंद. मॅनेजरचा स्वतःचा रिकव्हरी कोड आणि ईमेलमध्ये शिरायची एक वाट, या दोन गोष्टी बाहेर कागदावर असायलाच हव्यात.

दोन मॅनेजर एकाच वेळी जागे ठेवणं

नवं अ‍ॅप बसवलं, पण ब्राउझरचं ‘पासवर्ड सेव्ह करू का?’ चालूच राहिलं, असं फार घरांत दिसतं. लक्षण ठरलेलं: गेल्या आठवड्यात बदललेला पासवर्ड फोनवर चालतो, लॅपटॉपवर नाही. तो भलत्याच जागी सेव्ह झालेला असतो. बदलीच्या दिवशीच ब्राउझरचं सेव्ह बंद करा, ब्राउझरमधलं जुन्या मॅनेजरचं एक्स्टेन्शन काढा आणि फोनच्या सेटिंगमध्ये ऑटोफिलसाठी नवं अ‍ॅप निवडा. जुनं खातं मात्र राहू द्या, फक्त वाचायला.

इम्पोर्ट दोनदा झाला आणि नोंदी दुप्पट दिसतायत? एकेक काढत बसू नका. नवा व्हॉल्ट पूर्ण रिकामा करून पुन्हा आणा.

ऑटोफिल एखाद्या साइटवर येतच नसेल, तर पासवर्ड कॉपी करून चिकटवण्याआधी थांबा आणि वरचा पत्ता अक्षर अक्षर वाचा. इम्पोर्टमध्ये पत्ता चुकीचा आला असेल, हे शक्य आहे. पण मॅनेजर गप्प राहण्याचं दुसरं कारण असं की साइट खरी नाही, हुबेहूब नक्कल आहे. माणसाचा डोळा जिथे फसतो तिथे मॅनेजर फसत नाही, कारण तो पान कसं दिसतं ते पाहत नाही, फक्त पत्ता जुळवतो.

जुनं खातं बंद करण्याआधी

निदान महिनाभर थांबा. मधल्या काळात नेहमीच्या दहा-पंधरा साइटवर मुद्दाम लॉगआउट होऊन नव्या मॅनेजरने पुन्हा शिरा. वर्षातून एकदाच लागणारी खाती त्याच यादीत घ्या, कारण तिथली चूक वर्षभराने कळते. जोडलेल्या फाइली एकेक उघडून बघा. कुणाबरोबर पासवर्ड शेअर केले असतील तर त्यांना आधी सांगा. तुमच्या खात्याबरोबर त्यांच्याकडच्या नोंदीही जाऊ शकतात.

मग जुन्या व्हॉल्टमधल्या नोंदी काढा, त्याची कचरापेटी रिकामी करा आणि शेवटी खातं बंद करा. वर्गणी फोनच्या अ‍ॅप स्टोअरमधून भरत असाल तर ती तिथेच जाऊन वेगळी थांबवा. अ‍ॅप काढलं म्हणून पैसे कापणं थांबत नाही.