नवीन टॉवरमध्ये डेंग्यूचा मच्छर शोधायचा कसा

घोडबंदरला किंवा उलव्याला नवीन कॉम्प्लेक्समध्ये रहायला आलात की पहिले एकच ऐकू येतं, इथे गटारं नाहीत, झोपडपट्टी नाही, मग डेंग्यू कुठून येणार. अहो पण डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस मच्छराला गटार नकोच असतं, त्याला साफ साठलेलं पाणी लागतं आणि ते नवीन बिल्डिंगमध्ये भरपूर, क्युरिंगचं (नवीन काँक्रीटवर साठवून ठेवलेलं) पाणी, लिफ्टचा खड्डा, टँकर येईल की नाही म्हणून भरून ठेवलेली निळी पिंपं. मच्छर स्वतः फार लांब उडत नाही, काहीशे मीटर फारतर, लांबचा प्रवास त्याची अंडी करतात जुन्या टायरमधून वगैरे, आणि व्हायरस आपण माणसंच घेऊन फिरतो.

तर आठवड्यातून एक दिवस ठरवा, रविवार बरा. अंड्यापासून उडणारा मच्छर व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे आठवड्याला एकदा साठलेलं पाणी काढून टाकलं की साखळी तुटते. आधी घरात बघा, फ्रीजच्या मागचा ट्रे (हा कोणीच बघत नाही), कुंडीखालच्या ताटल्या, मनीप्लांटची बाटली, वापरात नसलेलं बाथरूम. मग माळी आणि वॉचमनला घेऊन गच्ची, पोडियम, आणि पार्किंगमध्ये कोणीतरी टाकून दिलेले टायर.

नुसतं पाणी ओतून टाकून चालत नाही, सगळे इथेच फसतात. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला चिकटवून, काळे बारीक ठिपके दिसतात, आणि ती सुकली तरी कित्येक महिने जिवंत राहतात, परत पाणी भरलं की अळ्या तयार. म्हणून पिंप रिकामं करा, काथ्याने आतून खरखरून घासा, उन्हात सुकवा, मग भरा आणि वर कापड घट्ट बांधा. रिकामं करता येत नाही अशा टाकीला झाकण, शोभेच्या हौदात गप्पी मासे. धुरळणीवर फार विसंबू नका, धुराने उडणारे मच्छर मरतात, अळ्या तशाच राहतात. शेजारी साइट चालू असेल तर महापालिकेत लेखी तक्रार द्या, फोटोसकट.

आता कोणाला ताप आलाच तर. डेंग्यूसाठी रक्ताची टेस्ट करा, पहिल्या पाच दिवसांत एनएस१, त्यानंतर आयजीएम. पॅरासिटामॉल चालेल, ब्रुफेन किंवा अ‍ॅस्पिरिन मनाने घेऊ नका, रक्तस्रावाची भीती असते. ताप उतरला म्हणून खूश होऊ नका, पोट जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त हे नेमकं तेव्हाच सुरू होऊ शकतं, लगेच हॉस्पिटल गाठा. आणि पेशंटला दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवा कारण हा मच्छर दिवसाच चावतो, पेशंटला चावला की काही दिवसांनी तोच शेजारच्यांना व्हायरस देतो.

चिकुनगुनिया आणि झिका हे व्हायरसही एडिस मच्छरच पसरवतो. २००७ ला इटलीतल्या एका छोट्या गावात चिकुनगुनिया पसरला तो केरळहून आलेल्या एका प्रवाशामुळे, मच्छर तिथे आधीच येऊन बसला होता. आपल्याकडे २०२१ ला राज्यातला झिकाचा पहिला पेशंट सापडला तो पण शहरात नाही, पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला. त्यामुळे गणपतीला गावी निघायच्या तोंडावर घरात कोणाला ताप असेल तर तिकीट कॅन्सल करा आणि आधी रिपोर्ट बघा, गावच्या पडवीतल्या पिंपात मच्छर बसलेलाच असतो, व्हायरस नेऊन द्यायची घाई नको.