पिशवीतला पॉलिप आणि सोनोग्राफी : या चुका टाळा

"अस्तर १४ मिलिमीटर, पॉलिपची शक्यता." रिपोर्टमधलं एवढं वाचून बाई घरी येते आणि चार रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. पॉलिप म्हणजे गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरातून पोकळीत वाढलेला मऊ कोंब. खरं तर त्या कागदावर आधी शोधायला हवी ती तारीख. सोनोग्राफी पाळीच्या कितव्या दिवशी झाली?

पाळी संपते तेव्हा गर्भपिशवीचं अस्तर पातळ असतं, साधारण चार-पाच मिलिमीटर. पुढे ते वाढत जातं, बीज सुटायच्या सुमारास त्यात तीन रेघा दिसतात, आणि नंतरच्या पंधरवड्यात ते जाड होऊन स्क्रीनवर पांढरंफेक दिसू लागतं. तेव्हा १४ काय, १६ मिलिमीटरही नॉर्मल असू शकतं. पॉलिपही बहुधा पांढराच दिसतो. दुधात साय शोधायची तशी गत! त्यामुळे बाविसाव्या दिवशी केलेल्या तपासणीत दोन्हीकडून फसगत होते: असलेला पॉलिप लपतो आणि नसलेला 'दिसतो'. पाळीचा पहिला दिवस धरून पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान, रक्तस्राव थांबल्या थांबल्या तपासणी करावी. शनिवारी ऑफिसला सुट्टी आहे म्हणून शनिवारची अपॉइंटमेंट घेणं ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक. पाळीचं गणितच बिघडलेलं असेल, महिना महिना अंगावरून जात असेल, तर मात्र योग्य दिवसाची वाट पाहत बसू नका.

ऐन रक्तस्रावात सोनोग्राफी झाली तर गोठलेलं रक्तही पॉलिपचं सोंग घेतं. त्या गुठळीत रक्तप्रवाह नसतो, प्रोबने, म्हणजे सोनोग्राफीच्या दांडीने, हलकं दाबलं की ती सरकते, आणि पाळी संपल्यावर पुन्हा पाहिलं तर जागेवर नसते.

पाण्याचा घोळ तर ठरलेला. पोटावरून सोनोग्राफी करायची तर लघवीची पिशवी भरलेली लागते, योनीमार्गातून करायची तर रिकामी. पॉलिप शोधायला आतूनच केलेली चांगली, कारण प्रोब पिशवीच्या अगदी जवळ जातो. पण 'पाणी पिऊन या' एवढंच ऐकलेली बाई दोन बाटल्या रिचवून, पाय आवळून रांगेत बसलेली असते. कोणती तपासणी आहे, हे फोनवरच विचारून घ्या. आणि काउंटरवर 'लग्न झालंय का?' असं विचारतात, तेव्हा त्यांना विचारायचं असतं की शरीरसंबंध आले आहेत का. ते कधीच आले नसतील तर आतून तपासत नाहीत. प्रश्न नीट विचारला तर उत्तरही नीट मिळेल, पण आपल्याकडे तो असाच आडवळणाने येतो.

चिठ्ठीवर नुसतं 'पेल्विस सोनोग्राफी' असेल तर तपासणारा अंधारात असतो. शेवटच्या पाळीची तारीख, डाग कधी दिसतात, कोणती हार्मोनची गोळी चालू आहे हे स्वतःहून सांगा. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर हमखास सांगा. त्या गोळीने अस्तराखालच्या थरात बारीक पाण्याच्या पोकळ्या दिसतात आणि अस्तर आहे त्याहून जाड भासतं. शिवाय या गोळीने खरे पॉलिपही वाढतात, म्हणून गोंधळ दुहेरी.

कलर डॉपलरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाह रंगात दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, पॉलिपच्या देठातून शिरणारी एक रक्तवाहिनी दिसली तर निदानाला चांगलं बळ मिळतं. पण ती दिसली नाही म्हणजे पॉलिप नाही, असं नव्हे. पिशवीच्या पोकळीत डोकावणारा फायब्रॉइड, म्हणजे पिशवीच्या स्नायूची गाठ, बहुधा काळपट दिसतो, मागे सावली टाकतो आणि त्याच्या रक्तवाहिन्या कडेकडेने फिरतात. तरीही उलगडा होत नसेल तर सलाईन घालून सोनोग्राफी करतात. बारीक नळीने पाच-दहा मिलिलिटर सलाईन आत सोडलं की एकमेकींना चिकटलेल्या भिंती दूर होतात आणि पॉलिप पाण्यात लोंबताना स्पष्ट दिसतो. गर्भ राहिला असेल किंवा जंतुसंसर्ग असेल तर ही तपासणी करत नाहीत.

पाळी कायमची गेल्यावरचा '४ मिलिमीटर'चा आकडा हल्ली बऱ्याच जणींना पाठ असतो, पण तो लागू होतो रक्तस्राव होणाऱ्या बाईला. अस्तर चार किंवा त्याहून कमी असेल तर कर्करोगाची शक्यता फार कमी. तरी पुन्हा पुन्हा डाग दिसत असेल तर आकड्यावर विसंबून थांबू नये. उलट, काहीच त्रास नसताना दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सहा आलं, तर त्याला हाच नियम लावून घाबरायचं कारण नाही.

निदानानंतरची घाईही नडते. त्रास न देणारा, एक सेंटिमीटरपेक्षा लहान पॉलिप कधी कधी आपोआप जातो. काढायचाच झाला तर अंदाजाने केलेल्या क्युरेटिंगमध्ये, म्हणजे न पाहता अस्तर खरवडताना, तो निसटू शकतो. दुर्बिणीतून, म्हणजे हिस्टेरोस्कोपीने, पाहून काढलेला बरा. केवळ पॉलिप सापडला म्हणून 'पिशवीच काढून टाका' असा सल्ला मिळाला तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढण्याच्या प्रश्नावर २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली होती.

आणि काढलेला तुकडा पॅथॉलॉजीला गेला का, हे डिस्चार्जच्या आधीच विचारा. सोनोग्राफी पॉलिप दाखवते, पण तो साधा आहे की नाही हे सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं. तो रिपोर्ट आठवडाभराने येतो आणि बरेचदा आणायचाच राहून जातो.