मेंदू, मन आणि भान: तिघांना घरच्या घरी वेगळं करून कसं बघायचं

मेंदू आणि मन एकच का, आणि मग जाणीव म्हणतात ती नक्की काय, असं कोणी विचारलं की मी व्याख्या सांगत बसत नाही. रेघांची वही, पेन, आरसा, एक रबरी हातमोजा आणि रंगवायचे दोन ब्रश घेऊन ये म्हणतो. तासाभराचं काम आहे आणि एकदा स्वतः करून बघितलं की हा विषय डोक्यात जो बसतो तो दहा लेख वाचून बसत नाही.

त्याआधी शब्द लावून घ्या, कारण इथली निम्मी भांडणं शब्दांवरनंच होतात. मेंदू सोपा, कवटीतला साधारण 1300-1400 ग्रॅमचा अवयव, त्यात अंदाजे 8600 कोटी न्यूरॉन म्हणजे चेतापेशी. मन म्हणजे त्या अवयवाचं जे काम चालतं त्यातले विचार, आठवणी, राग, इच्छा हे सगळं, मग ते आपल्याला कळो किंवा न कळो. आणि जाणिवेसाठी मराठीत शुद्ध आणि भान असे दोन चांगले शब्द आहेत, ते एकमेकांत मिसळू नका. ऑपरेशन झालेल्या माणसाबद्दल आपण सहज म्हणतो ना, शुद्धीवर आलाय पण अजून भानावर नाही, तोच फरक डॉक्टरही धरतात, जागं असणं वेगळं आणि कशाचं तरी भान असणं वेगळं.

आता वही घ्या. एका रेघेवर डावीकडे फुली काढा आणि त्याच रेघेवर उजवीकडे सात-आठ सेंटीमीटरवर चांगला ठसठशीत ठिपका. डावा डोळा झाका, उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे बघा आणि वही हात लांब करून धरलेली हळूहळू जवळ आणा. साधारण 25-30 सेंटीमीटरवर ठिपका गायब होतो. घाई केली की चुकतं, आणि नजर चोरून ठिपक्याकडे गेली तरी चुकतं, म्हणून दोन-चारदा करा. डोळ्यातून नस जिथून बाहेर पडते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात, त्या जागेला अंधबिंदू म्हणतात, फ्रान्सच्या मारिओत या शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात तो दाखवून दिला. पण खरी गंमत पुढे आहे, ठिपका गेला तिथे भोक दिसत नाही, वहीची रेघ सलग दिसते! ती रेघ मेंदूने भरलेली असते, तुम्हाला न विचारता, आणि तुम्हाला मात्र ती 'दिसली' असंच वाटतं. म्हणजे काम मेंदूचं, आणि भान फक्त तयार मालाचं.

दुसरा प्रयोग अगदी छोटा. आरशासमोर उभं राहा, आधी डाव्या बुबुळाकडे बघा, मग उजव्या, परत डाव्या. स्वतःचे डोळे हलताना दिसणारच नाहीत, शेजारच्या माणसाला विचारा, त्याला स्वच्छ दिसतात. नजर उडी मारते तेवढ्या क्षणाचं चित्र मेंदू भानापर्यंत पोचूच देत नाही. मग हेच मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यात करा, तिथे चित्र किंचित उशिरा येतं म्हणून बऱ्याचदा डोळे हलताना सापडतात.

तिसऱ्याला दोन माणसं लागतात. हा प्रयोग बोटविनिक आणि कोहेन या संशोधकांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केला, रबरी हाताचा प्रयोग म्हणून. हातमोज्यात कापूस भरा आणि टेबलावर समोर ठेवा, बसलेल्या माणसाचा खरा हात पुठ्ठ्याच्या आड, आणि खांद्यापासून मोज्यापर्यंत टॉवेल टाका म्हणजे मोजा त्याच्याच बाहीतून आल्यासारखा दिसेल. आता दोन ब्रशनी खऱ्या हातावर आणि मोज्यावर एकाच वेळी, एकाच बोटावर, एकाच दिशेने फिरवत राहा, दोन मिनिटं तरी. माझ्या भाचीवर केला तेव्हा ती आधी हसत होती, मग गप्प झाली आणि हळूच म्हणाली की मामा, इथेच लागतंय, आणि मान मोज्याकडे. मी लाटणं उचललं मात्र, तिने पुठ्ठ्यामागचा खरा हात खस्सकन मागे ओढला, तिला माहीत होतं की तो कापूस आहे तरी. सगळ्यांनाच असं होत नाही, आणि ब्रश मागेपुढे झाले तर परिणाम ढिला पडतो. पण 'हा हात माझा' ही एवढी पक्की वाटणारी गोष्टसुद्धा मेंदू डोळा आणि स्पर्श यांची सांगड घालून क्षणोक्षणी ठरवत असतो, हे त्यातून कळतं.

चौथा मनाचा. पाच मिनिटं बसा, श्वास एक ते दहा मोजा, परत एकपासून. कुठेतरी चारवर ऑफिसचं काही आठवेल आणि मोजणी सुटेल. सुटली याचं वाईट वाटून घेऊ नका, 'अरे, मी भलतीकडेच गेलो होतो' हे ज्या क्षणी लक्षात येतं तो क्षण पकडा, वहीत एक रेघ मारा. त्याच्या आधी मन चालूच होतं, शब्दांसकट, फक्त त्याचं भान नव्हतं. कुकरच्या शिट्ट्यांचं होतं तसं, दोन झाल्या की तीन? कान उघडे असतात, आवाज मेंदूपर्यंत गेलेला असतो, पण भानात शिरलेला नसतो.

शुद्धीचा प्रयोग मात्र घरी होत नाही. माझ्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनला भूलतज्ज्ञांनी उलटे आकडे मोजायला सांगितले, मी 96 पर्यंत आलो आणि पुढचं वाक्य ऐकलं ते "झालं, डोळे उघडा". झोपेतून उठल्यावर वेळ गेल्याचा अंदाज असतो, इथे मधले दोन तास कापून काढल्यासारखे. शुद्ध राखायला मेंदूचा देठ (मेंदूला मणक्याच्या मज्जारज्जूशी जोडणारा भाग) आणि मेंदूच्या मध्यावरचा थॅलॅमस लागतो, उलट लहान मेंदूत एकूण न्यूरॉनपैकी जवळजवळ 80 टक्के असूनही त्याला इजा झाली तर तोल जातो, बोलणं अडखळतं, पण भान टिकतं. म्हणजे नुसत्या न्यूरॉनच्या संख्येने काही ठरत नाही. आणि 2006 मध्ये मेंदूशास्त्रज्ञ एड्रियन ओवेन यांच्या टीमने एक 23 वर्षांची अपघातग्रस्त मुलगी स्कॅनरमध्ये ठेवली, डोळे उघडे पण कशालाच प्रतिसाद नाही. तिला टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर म्हटल्यावर मेंदूचा तोच भाग पेटला जो धडधाकट माणसांत पेटतो. मला हे वाचल्यावर रात्रभर झोप लागली नव्हती, नुसतं बाहेरून बघून आपण किती जणांना 'काही कळत नाही' म्हणून सोडून देत असू.

एवढं सगळं करूनही एक प्रश्न उरतो, मेंदूच्या कामातून 'वाटणं' मुळात का येतं? मेंदूशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ कॉख यांनी 1998 मध्ये तत्त्वज्ञ डेव्हिड चामर्स यांच्याशी पैज लावली होती की 25 वर्षांत मेंदूतली जाणिवेची खूण स्पष्ट सापडेल. 2023 मध्ये ते हरले आणि त्यांनी वाईनच्या बाटल्या दिल्या. आपल्याकडच्या सांख्य या जुन्या दर्शनाच्या लोकांनी तर मन, बुद्धी, अहंकार तिन्ही प्रकृतीच्या म्हणजे जड बाजूला टाकले आणि बघणारा 'पुरुष' म्हणजे चैतन्य वेगळं ठेवलं, विभागणी म्हणून ती मला आजही विचार करण्यासारखी वाटते, पण म्हणून कोणी 'आपल्या पूर्वजांनी हे सिद्धच केलं होतं' म्हणालं तर मान डोलवू नका.

आणि मन हे मेंदूचं, म्हणजे शरीराचंच काम आहे, हे घरात वापरा. माझी मावशी सारखी रडायची, उठवत नसे, बोलणं हळू झालेलं, दोन वर्षं सगळे म्हणत होते मनाला लावून घेते, मन घट्ट कर. शेवटी एका डॉक्टरांनी रक्तातलं टीएसएच (थायरॉईडची तपासणी) आणि बी-12 जीवनसत्त्व बघायला लावलं आणि थायरॉईड निघाला. कोणी असं उदास असेल तर या दोन तपासण्या करून घ्याच, आणि त्या नॉर्मल आल्या तरी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या, चालू गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. मावशी आता सकाळी उपाशीपोटी गोळी घेते, अर्ध्या-पाऊण तासाने चहा, आणि परवा फोनवर म्हणाली की सकाळी खिडकीतलं ऊन आता ऊन वाटतं.