‘कोण आहे?’ विचारणारा स्पॅम फिल्टर सगळ्या ऑफिससाठी कसा लावावा

अप्पा बळवंत चौकातल्या एका पुस्तक वितरकाचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. माणसं सात, मेलच्या पेट्या नऊ. लेखकांची हस्तलिखितं, दुकानांच्या ऑर्डरी आणि त्यात बिनव्याजी कर्जाचा कचरा. त्यावर आम्ही चॅलेंज-रिस्पॉन्स फिल्टर बसवला. अनोळखी माणसाचा मेल थेट पेटीत येत नाही, रांगेत थांबतो. पाठवणाऱ्याला आपोआप निरोप (म्हणजेच चॅलेंज) जातो, ‘मेल तुमचाच असेल तर याला नुसता रिप्लाय करा.’ रिप्लाय आला की मूळ मेल आत येतो आणि पत्ता ओळखीच्यांच्या यादीत जातो. एकट्यासाठी हे दुपारभराचं काम. सात जणांसाठी मात्र कोणाला विचारायचं *नाही*, हे ठरवण्यातच आठवडा जातो.

मी पुढे पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारा सर्व्हर प्रोग्रॅम) आणि टीएमडीए (चॅलेंज पाठवणारा फिल्टर) धरून लिहितोय. टीएमडीए मोफत आहे, पण जुनं. ते पायथन २ वर चालतं आणि पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. म्हणून ते वेगळ्या कंटेनरमध्ये, म्हणजे बाकी सर्व्हरपासून अलग ठेवलेल्या कप्प्यात, ठेवा. सर्व्हर तुमच्या ताब्यात नसेल तर या वाटेला जाऊ नका.

पायरी १ : पेट्या निवडा. नऊपैकी फक्त पाच पेट्यांना आम्ही फिल्टर लावला. ऑर्डरच्या आणि चौकशीच्या पत्त्याला अजिबात नाही. गिऱ्हाईक दारात आल्यावर ‘तुम्ही कोण?’ विचारणं पुण्यातही धंद्याला परवडत नाही.

पायरी २ : आधी साधी चाळण. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्कची तपासणी (मेल खरंच त्या डोमेनवरून आलाय का हे बघणारी), त्यानंतर स्पॅमअसॅसिन (मजकूर वगैरे बघून स्पॅम ओळखणारा प्रोग्रॅम), आणि यातून उरेल त्यालाच चॅलेंज. स्पॅमवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता बहुतेक वेळा खोटा असतो, त्यामुळे आपलं चॅलेंज भलत्याच माणसाच्या पेटीत जाऊन पडतं. असं वारंवार झालं तर आपलाच सर्व्हर काळ्या यादीत जाऊ शकतो. ही पायरी गाळायची असेल तर बाकीच्याही गाळा.

पायरी ३ : प्रत्येकाचं वेगळं घर. सगळ्यांना समान असलेल्या सेटिंग सर्व्हरच्या सामायिक फाइलीत ठेवा. गुप्त किल्ली, नियमांची फाइल आणि रांग मात्र ज्याच्या त्याच्या होम फोल्डरमध्ये. किल्लीच्या फाइलीची परवानगी ६००, म्हणजे मालकाशिवाय कोणी वाचू नये. रिप्लायसाठी जो खास पत्ता तयार होतो त्यावर याच किल्लीची सही असते. किल्ली बदललीत की आधी दिलेले सहीचे पत्ते रद्द होतात, तेव्हा तिचा बॅकअप घ्या.

या खास पत्त्यांसाठी मूळ नाव आणि शेपूट (नावाला मागून जोडलेली जादा अक्षरं) यांच्यामध्ये एक चिन्ह लागतं. अधिकचं चिन्ह (+) काही वेबसाइटच्या फॉर्मना चालत नाही. आम्ही आडवी रेघ (-) घेतली. पोस्टफिक्स आणि टीएमडीए दोन्हीकडे चिन्ह एकच हवं.

पायरी ४ : याद्या. प्रत्येकाच्या ‘सेंट’ फोल्डरमधून मागच्या दोन वर्षांचे पत्ते काढा. ही झाली पहिली यादी. पुढे आपण ज्याला मेल पाठवू तो पत्ता आपोआप यादीत जाईल अशी सोय करा, नाहीतर आपणच पत्र लिहायचं आणि उत्तर आलं की ओळख विचारायची, असा प्रकार होतो. रिप्लाय देऊन आत आलेले पत्ते मात्र सगळ्यांच्या सामायिक यादीत जाऊ द्या. आमच्याकडे आधी सगळ्या याद्या वेगळ्या होत्या. संपादक आणि हिशेबनीस दोघांना मिळून लिहिणाऱ्याला दोन चॅलेंज जायची. सामायिक फाइलीला ग्रुपची लिहिण्याची परवानगी द्यायला विसरू नका.

नियम वरून खाली वाचले जातात आणि पहिला जुळेल तो लागू होतो. एक चूक टाळा: स्वतःचं डोमेन सरसकट यादीत घालू नका. स्पॅमवाले आपल्याच पत्त्याचा मुखवटा लावून येतात.

पायरी ५ : यंत्रांचे मेल. बँक, महावितरण, जीएसटी पोर्टल. यंत्र चॅलेंजला उत्तर देत नाही. एका २० तारखेला जीएसटीआर-३बी (जीएसटीचं विवरणपत्र) भरताना ओटीपी रांगेत अडकून बसला. मोबाइल मालकांकडे आणि मालक कोल्हापूरच्या गाडीत. चूक माझी होती. तेव्हापासून अशा प्रत्येक ठिकाणी शेपूट लावलेला वेगळा पत्ता दिलाय, त्यावर आलेलं थेट आत येतं. कचरा यायला लागला की तेवढाच पत्ता बंद करायचा.

पायरी ६ : चॅलेंजचा मजकूर. आमचा पहिला मजकूर इंग्रजीत होता. साताऱ्याहून एका ज्येष्ठ लेखकांचा फोन आला, “अहो, तुमच्या नावानं कोणीतरी फसवतंय. मी काही उत्तर दिलेलं नाही हं.” बरोबरच होतं त्यांचं. आता असा आहे:

“नमस्कार. आपला ‘…’ या विषयाचा मेल मिळाला आहे. आपला पत्ता आमच्याकडे नवा असल्यामुळे तो थांबवला आहे. या मेलला रिप्लाय करा, काही लिहिण्याची गरज नाही. यात कोणतीही लिंक नाही. शंका वाटल्यास ऑफिसला फोन करा.”

खाली फोन नंबर आणि दोन ओळी इंग्रजीत. पुणेरी पाटीचा सूर इथे नको. फाइल यूटीएफ-८ (देवनागरी चालणारी अक्षरांची पद्धत) मध्ये साठवा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं जातील.

पायरी ७ : कोणाला चॅलेंज कधीच जाऊ नये. आपोआप उत्तरांचे संकेत आरएफसी ३८३४ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजात (२००४) दिलेले आहेत. रिटर्न-पाथ (न पोचलेला मेल परत जाण्याचा पत्ता) रिकामा असलेले, ‘ऑटो-सबमिटेड’ची (यंत्राने आपोआप पाठवल्याची) खूण असलेले आणि मेलिंग लिस्टवरून आलेले मेल वगळा. दिवसाला एका पत्त्यावर किती चॅलेंज जातील याची मर्यादाही घाला.

पायरी ८ : एकावर चालवून बघा. पहिला आठवडा फक्त माझी पेटी, मग रोज एक. रांगेतले मेल टीएमडीए १४ दिवस ठेवतं. आम्ही ३० केले, कारण गणपतीत लक्ष्मी रोडच्या बाजूला दहा दिवस ऑफिस असून नसल्यासारखंच असतं. रोज सकाळी ११ च्या चहाला ज्याने त्याने आपली रांग चाळायची. दोन मिनिटं लागतात. हिशेबनीस काकांना टर्मिनल (कमांड टाइप करायची काळी खिडकी) नको होतं, त्यांना रांगेतल्या मेलचे विषय रोज साडेदहाला एका मेलमध्ये येतात. ते त्याची प्रिंट काढतात आणि हवे त्यावर पेनाने बरोबरची खूण करून कागद माझ्या टेबलावर ठेवतात.