दीवार पहिल्यांदा बघताय? मग असा बघा

आधीच सांगतो, दीवारचा शेवट तुम्हाला माहीत असणारच. १९७५ च्या जानेवारीत आलेला पिक्चर, पन्नास वर्षं झाली, आता त्याच्यात सस्पेन्स काय राहणार. त्यामुळे मी खाली सगळं उघड लिहिणार आहे, ज्यांना नकोय त्यांनी आधी बघून या आणि मग वाचा. पण खरं सांगू, शेवट माहीत असून बघायलाच जास्त मजा येते, का ते पुढे कळेलच.

पहिलं काम म्हणजे कॉपी नीट शोधा. पूर्ण पिक्चर जवळपास तीन तासांचा आहे. तुमच्यासमोरचा सव्वादोन तासात संपत असेल तर कुणीतरी कात्री चालवलीय आणि कात्री नेमकी चालते ती शांत सीनवर, मारामारीला कुणी हात लावत नाही. आणि मोबाईलवर तुकड्यातुकड्याने बघू नका. एका बैठकीत बघा, इंटरव्हलला उठा हवं तर.

दुसरं काम जरा अवघड आहे. डोक्यातली मिमिक्री काढून टाका. आपण सगळ्यांनी हा पिक्चर बघायच्या आधी त्याचे डायलॉग ऐकलेत, गॅदरिंगमधे, लग्नात, कॉमेडी शोमधे, आणि ऐकलेत ते सगळे ओरडून म्हटलेले. माझा भाचा कॉलेजला आहे, त्याला मागच्या सुट्टीत बसवलं. पुलाखालचा सीन आला, विजय (अमिताभ, स्मगलर झालेला थोरला भाऊ) आपल्या गाड्या, बंगले, बँक बॅलन्स मोजायला लागला तसा हा सोफ्यावर सरसावून बसला, छाती फुगवली आणि शशी कपूरच्या (धाकटा भाऊ रवी, पोलीस इन्स्पेक्टर) आधीच 'मेरे पास माँ है' म्हणून मोकळा झाला, एकदम दणक्यात. मग शशीने ते म्हटलं. हळू, जवळजवळ थकल्यासारखं. भाचा म्हणाला, "मामा, एवढंच?" मी म्हटलं एवढंच, आता अमिताभकडे बघ. कारण त्या वाक्यानंतर त्याच्याकडे उत्तरच नाहीये. हा दोघांचा सामना असता तर तो तिथेच संपला होता. आणि पाठीमागे 'सारे जहाँ से अच्छा' ची धून वाजत असते ती नुसती सजावट नाही, लहानपणी रवी शाळेत जायला लागला तेव्हा तीच वाजलेली असते आणि विजय बाहेर उभा असतो. एकाच्या फीसाठी दुसऱ्याने शाळा सोडली, ते कर्ज त्या सीनमधे दोघांच्या मधे उभं आहे पण कुणी बोलून दाखवत नाही.

तर हेच माझं म्हणणं आहे, पोलीस विरुद्ध स्मगलर म्हणून बघायला गेलात तर दीवार साधाच वाटेल. तशी गोष्ट आधी पण होऊन गेलीय, १९६१ च्या गंगा जमुना मधे एक भाऊ डाकू आणि एक पोलीस होताच. दीवारमधे बघायचं असतं ते हात. सलीम जावेदनी सगळी पटकथा हातांवर रचलीय असं मला वाटतं. वडील युनियनचे लीडर, मालक त्यांचं कुटुंब ओलीस धरून जबरदस्तीने कागदावर सही घेतो, ती सही हातानेच. कामगार चिडतात, छोट्या विजयच्या हातावर गोंदवतात की माझा बाप चोर आहे. तोच हात पुढे बूट पॉलिश करतो, गोदीत माल उचलतो, आणि मग सोन्याच्या पेट्या. पुढे रवी कबुलीजबाबाचा कागद समोर ठेवून विचारतो सही करणार की नाही, तेव्हा विजय जे चिडतो ते पोलिसांवर नाही चिडत, आधी त्या माणसाची सही आण ज्याने माझ्या हातावर हे लिहिलं असं म्हणतो. सुरुवातीच्या वडलांच्या सहीकडे लक्ष दिलं नसेल तर हा सीन नुसता डायलॉगबाजी वाटतो. म्हणून म्हणतो पहिल्या अर्ध्या तासात पॉपकॉर्न आणायला उठू नका, तिथे अमिताभ नसला तरी.

फेकलेले पैसे पण असेच. लहान विजय बूट पॉलिश करतो, गाडीवाला नाणं फेकतो, पोरगा उचलत नाही, हातात द्या म्हणतो. गाडीतला स्मगलर डावर (इफ्तेखार, काय रुबाब आहे माणसाचा) तेव्हाच ओळखतो की हे पोरगं जन्मभर पॉलिश करत बसणार नाही. कितीतरी वर्षांनी तोच डावर टेबलावर नोटा टाकतो आणि विजय त्याला ती जुनी आठवण करून देतो. लोक तिथे शिट्ट्या मारतात, मारा, पण हे पण बघा की ज्या पोराला स्वाभिमानाने पैसे हवे होते त्याला ते मिळाले ते स्मगलरकडूनच.

थोडं त्या काळाबद्दल डोक्यात ठेवलंत तर बरं. सोन्यावर तेव्हा सरकारचं कडक नियंत्रण होतं, १९६८ चा कायदा होता, तो १९९० पर्यंत चालला, त्यामुळे मुंबईच्या किनाऱ्यावर चोरून सोनं उतरवणं हा मोठा धंदा होता. विजयच्या पात्रावर तेव्हाचा मुंबईतला स्मगलर हाजी मस्तानची छाया आहे असं पहिल्यापासून बोललं जातं, तो पण गोदीत हमाली करून वर आलेला. पण पिक्चर त्याचं चरित्र नाहीये हां, मस्तानला भाऊ इन्स्पेक्टर वगैरे काही शोधत बसू नका. आणि रिलीजनंतर पाचच महिन्यात आणीबाणी लागली. सिस्टीमवर भडकलेला माणूस लोकांना एवढा का आवडला हे समजायला वेगळा निबंध लागत नाही.

गोदीतली मारामारी. इथे काही विचार करायचा नाही, मजा घ्यायची. गुंड विजयला सगळीकडे शोधतायत आणि हा त्यांच्याच गोडाऊनमधे खुर्चीवर पाय टाकून बसलाय, वर दाराला कुलूप लावून चावी गुंडांचा म्होरक्या पीटरकडेच फेकतो. तो गाठ मारलेला निळा शर्ट बघून ठेवा. पुढे त्याची फॅशन झाली, पण अमिताभनेच सांगितलंय की शिंप्याने शर्ट भलताच लांब शिवला होता म्हणून गाठ मारावी लागली.

७८६ चा बिल्ला मात्र सोडू नका. गोदीतले रहीम चाचा विजयला सांगतात की हा आकडा मुसलमानांमधे पवित्र मानतात. देवळाची पायरी न चढणारा, आई आत गेली की बाहेर बसून राहणारा हा माणूस तो बिल्ला मात्र जवळ बाळगतो. एकदा गोळी त्याच्यावर अडते. शेवटी बिल्ला हातातून सुटतो तेव्हा काय होणार ते तुम्हाला विजयच्या आधी कळतं.

आता रोमँटिक गाणी. आरडी बर्मनचं संगीत आणि साहिरचे शब्द असून सुद्धा मी म्हणेन शशी नीतूच्या गाण्यांना चहा टाकायला हरकत नाही. गाणी वाईट नाहीत, पण पिक्चरला त्यांची गरज नाही, विजयच्या वाट्याला तर एक पण गाणं नाही. परवीन बाबीचे सीन मात्र बघा, दोन माणसं न लाजता, न भांडता नुसती बोलत बसलीत असं तेव्हाच्या हिंदीत फार कमी दिसायचं.

पण खरा पॉज मारायचा तो एका छोट्या सीनवर, आणि बहुतेक लोक तोच विसरतात. रवी एका पळणाऱ्या चोराच्या पायावर गोळी झाडतो. जवळ जाऊन बघतो तर पोरगा, आणि चोरलेला माल काय तर पाव. रवी अपराधी वाटून त्याच्या घरी खायला घेऊन जातो. त्या पोराची आई रवीला फाडून खाते, मोठे चोर मोकळे आणि तुम्ही आमच्या पोराला गोळी घालता. पोराचे वडील ए. के. हंगल, रिटायर्ड मास्तर, ते बायकोला गप्प करतात. चोरी पावाची असो नाहीतर लाखाची, चोरी ती चोरी म्हणतात. एवढे दिवस भावाची केस घ्यायला टाळणारा रवी तिथून उठतो आणि केस घेतो. मला आजही कळत नाही मास्तर बरोबर की त्यांची बायको. तुमच्यासोबत कुणी बघत असेल तर इथे थांबवून विचारा, जोरदार भांडण होतं, आमच्याकडे झालं.

एक गंमत बघता बघता आठवा, शशी कपूर अमिताभपेक्षा साडेचार वर्षांनी मोठा होता आणि धाकटा भाऊ झालाय. फिल्मफेअर पण शशीलाच मिळालं, सहाय्यक अभिनेत्याचं. कधी कुठे तो मोठा असल्याचं जाणवतं का बघा, मला तरी नाही जाणवलं.

निरूपा रॉयला रडकी आई म्हणून हसायची पद्धत आहे. हसू नका, निदान यात तरी. हीच बाई मोठ्याचा बंगला सोडून धाकट्याबरोबर निघून जाते, आणि हीच धाकट्याच्या हातात पिस्तूल देते, गोळी झाडताना तुझा हात थरथरायला नको म्हणते, आणि मग देवळात जाऊन मोठ्याची वाट बघत बसते. दोन्ही एकाच रात्री. तिच्याकडे बघत राहिलात की भाऊ आपोआप कळतात.

पिक्चर संपला की लगेच बंद करू नका. परत सुरुवातीला जा, रवीला मेडल मिळतं तो समारंभ. पहिल्यांदा बघताना आपण तो असाच टाळ्यांमधे घालवलेला असतो, कुणाचा तरी सत्कार चाललाय एवढंच. आता टाळ्यांकडे लक्ष न देता फक्त आईचा चेहरा बघा, कारण ते मेडल कुठल्या गोळीचं आहे हे आता तुम्हाला माहीत आहे.